सहा बावन्नला थांबलेली नाव

सकाळी सहा वाजून बावन्न मिनिटांनी नावेचं इंजिन बंद पडलं. वेळ नक्की सांगता येते, कारण पलीकडची सात दहाची एसटी मिळेल की नाही, हे मी त्याच वेळी मोबाइलवर पाहत होतो. नाव वैनगंगेच्या मधोमध होती. थंडीचे दिवस, पाण्यावर धुकं, दोन्ही काठ अर्धवट दिसणारे. इंजिन एकदम थांबलं नाही. आधी त्याचा ठोका मंदावला, मग नावेला दोनदा हिसके बसले आणि मग पाण्याचा आवाज ऐकू येऊ लागला, जो इतका वेळ येत नव्हता.

नावेत आम्ही पाच जण होतो. नावाडी, मुलचेऱ्याकडच्या बंगाली वस्तीतला एक मासेविक्रेता, अलीकडच्या काठच्या गावात धान पिकवणारी एक बाई, तिची बावीस वर्षांची मुलगी आणि मी. मुलगी वनरक्षक भरतीच्या धावण्याच्या चाचणीला चालली होती. मैदान चंद्रपूरला होतं. हॉल तिकिटावर छापलं होतं की दहा वाजता प्रवेशद्वार बंद होईल आणि त्यानंतर कोणत्याही कारणानं आत घेतलं जाणार नाही. सात दहाची एसटी दहाच्या आधी चंद्रपूरला पोचवते. तिच्यानंतरची साडेनऊला सुटते.

माझ्या बहिणीचं सासर त्या गावात आहे. दोन दिवस तिच्याकडे राहून मी परत निघालो होतो. या भरतीबद्दल तिनंच आदल्या दिवशी जेवताना सांगितलं होतं. गावातून दोनच मुली चाचणीपर्यंत पोचल्या होत्या. एक ही, दुसरी नावाड्याची मुलगी. दोघींचा अर्ज एकाच प्रवर्गातून होता. वर्षभर दोघी पहाटे गावाबाहेरच्या डांबरी रस्त्यावर एकत्र धावत आणि ही कायम पुढे असे. नावाड्याची मुलगी आदल्या संध्याकाळी शेवटच्या फेरीनं पलीकडे गेली होती, कारण चंद्रपूरला तिची आत्या राहते. हिचं तिकडे कोणी नव्हतं, म्हणून तिला सकाळच्या पहिल्या फेरीशिवाय पर्याय नव्हता. पुलावरून जायचं तर मोठा वळसा पडतो आणि त्या वेळी गावातून कोणतंच वाहन निघत नाही.

“पाहजो, उद्या नाव वेळेवर निंगते का,” बहीण म्हणाली होती. मी ते हसण्यावारी नेलं होतं.

इंजिन थांबल्यावर पहिली बोलली ती मुलीची आई.

“काय झालं भाऊ?”

“पाह्यतो ना.”

“आजच?”

नावाडी मिनिटभर हललाही नाही. इंजिनाकडे तोंड करून नुसता बसून राहिला. माझं लक्ष त्या मिनिटावर अडकलं. निघताना त्यानं मुलीला गेट किती वाजता बंद होतं हे दोनदा विचारलं होतं. एकदा ती नावेत चढताना आणि एकदा नाव काठ सोडताना. तेव्हा ती साधी चौकशी वाटली होती. आता तसं वाटेना.

नाव जुनी होती. लाकडी, बुडाला पत्रा मारलेली. इंजिन नावेचं नव्हतंच. शेतातल्या पाण्याच्या पंपाचं एका सिलिंडरचं डिझेल इंजिन मागच्या बाजूला बोल्ट मारून बसवलं होतं आणि त्याच्या चाकाला पाण्यातल्या पंख्याचा दांडा जोडला होता. इंजिनाच्या वर उघड्या तोंडाची पाण्याची छोटी टाकी होती. ते पाणी इंजिन थंड ठेवतं आणि स्वतः उकळत राहतं. शेजारी डिझेलची टाकी. तिच्यातून एक नळी फिल्टरकडे आणि फिल्टरमधून इंजिनाकडे. एवढीच सगळी यंत्रणा.

नावाड्यानं हँडल लावून चाक फिरवलं. इंजिनानं दोन ठोके दिले आणि सोडून दिलं. पुन्हा फिरवलं. एक ठोका. तिसऱ्यांदा काहीच नाही.

“दादा, माझा बर्फ आहे,” मासेविक्रेता म्हणाला. त्याचं मराठी बंगाली आणि हिंदीच्या मधून वाट काढत येत होतं. “जल्दी करा. बर्फ पाणी होते.”

“या थंडीत तुमचा बर्फ पाणी होते? आमीच बर्फ होऊन राह्यलो इथी,” आई म्हणाली. मग पुन्हा नावाड्याकडे वळून, “काल सांजेले तर मस्त चालत होतं. तुमच्या पोरीले नेलं तवा काई नाई झालं.”

“काल काल होतं वयनी.”

“हाव. काल तुमची पोरगी होती.”

मुलगी म्हणाली, “माय, राहू दे ना.” तिनं काळी ट्रॅक पँट घातली होती, वर आईची शाल. धावायचे बूट पिशवीत होते आणि पिशवी तिनं मांडीवर दोन्ही हातांनी धरली होती. ती नावाड्याकडे पाहत नव्हती. पलीकडचा काठ पाहत होती.

नाव हळूहळू खाली वाहू लागली. हिवाळ्यात त्या नदीला जोर नसतो, पण घाटासमोरचं मोठं झाड बाजूला सरकताना स्पष्ट दिसत होतं. नावेत एक लांब बांबू होता. तळ लागेल तिथे तो रोवून नाव थांबवता येते. नावाड्यानं बांबूला हात लावला नाही.

“बांबू काऊन नाई लावत?” आईनं विचारलं.

“वाहू द्या.”

“वाहू द्या? घाट तिकडं राह्यला अन् वाहू द्या?” ती माझ्याकडे वळली. “तुमी पेपरवाले ना? पाहून ठेवा. सगळं पाहून ठेवा.”

मी पेपरमधलं काम सोडून तीन वर्षं झाली होती. पण पाहून ठेवत होतो, हे खरं. नावाडी पंचावन्नच्या आसपासचा असावा. डोक्याला आणि नाकातोंडाला मफलर गुंडाळलेला, त्यामुळे चेहऱ्यावरून काही कळायला मार्ग नव्हता. घाई मात्र तो करत नव्हता. पाना काढला, पुसला, एक बोल्ट सैल केला, पुन्हा आवळला. जो माणूस वीस वर्षं हेच इंजिन चालवतो त्याला बिघाड कुठे आहे हे लवकर कळायला हवं, असं मला वाटलं. किंवा कळलेलं असावं.

सात बाराला पलीकडच्या रस्त्यावर दोन पिवळे दिवे धुक्यातून सरकताना दिसले. एसटी घाटावर थांबली, हॉर्न वाजला, आणि दिवे काठाकाठानं उजवीकडे जाऊन दिसेनासे झाले. मुलीनं पिशवीत हात घालून हॉल तिकीट आहे का ते चाचपलं आणि हात तसाच आत ठेवला.

“गेली,” आई म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. “आता जाऊ द्या सावकाश. आता कशाले घाई.”

नावाड्यानं फिल्टर उघडायला घेतला तो त्यानंतर. वेळ सात चौदा. हे मी मोबाइलवर पाहिलं आणि मनात नोंदवलं: एसटी गेल्यानंतर.

फिल्टरच्या वाटीत डिझेल असायला हवं होतं. डिझेल होतं, पण त्याच्या तळाशी आणि जाळीभोवती पांढरट, दाणेदार थर बसला होता, गोठलेल्या तुपासारखा. नावाड्यानं तो बोटावर घेतला, दुसऱ्या बोटानं चोळला. मग मफलर खाली ओढून वास घेतला. त्यानंतर त्यानं आईकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली.

मासेविक्रेत्यानं पुढे वाकून स्वतःच बोट घातलं.

“अरे, हे तर टोरीचं तेल!” तो म्हणाला. “आमच्या घरी याच्यातच मासा तळते.”

टोरी म्हणजे मोहाच्या फळातली बी. तिचं तेल गावात घरोघरी निघतं. भाजीला, दिव्याला, अंगाला लावायला तेच वापरतात. उन्हाळ्यात ते पातळ असतं, थंडीत डब्यात गोठून बसतं.

“डिझेलमध्ये टोरीचं तेल?” मासेविक्रेता म्हणाला. “कोणी टाकलं?”

इथे गावची एक पद्धत सांगायला हवी. अलीकडच्या काठावर पेट्रोल पंप नाही. म्हणून पलीकडे बाजाराला जाणारा कोणीही येताना नावेसाठी डिझेल घेऊन येतो. आज हा, उद्या तो. नावाडी सकाळी सांगून ठेवतो, आणि ज्याच्या घरी जो डबा रिकामा असेल तो सोबत नेला जातो. आदल्या दिवशी बाजाराला ही बाईच गेली होती. संध्याकाळी परतीच्या फेरीत डिझेलचा डबा तिनंच नावाड्याच्या हातात दिला होता. तो पिवळा प्लॅस्टिकचा डबा आता इंजिनाजवळ आडवा पडला होता. पाचही जणांनी त्याच्याकडे पाहिलं.

“माय,” मुलगी म्हणाली, “हा आपला हाय.”

“मी धुतला होता.”

“धुतल्यानं जात नाई ते,” नावाडी म्हणाला. “थंडीत तळाले चिकटून राह्यते. दिसत नाई. दुपारी उन्हात डिझेलमध्ये इरघळलं असन. रात्री पुन्हा गोठलं.”

हिशेब जुळत होता. टाकीच्या तळाशी आणि नळीत आधीचं चांगलं डिझेल होतं. त्यावर इंजिन सुरू झालं आणि बारा मिनिटं चाललं. सकाळी ओतलेलं डिझेल फिल्टरपर्यंत पोचलं तेव्हा नाव मधोमध आली होती. माझा संशय तिथेच संपायला हवा होता. आईचाही. पदराच्या टोकानं तिनं तोंड पुसलं. मग म्हणाली,

“अन् ओतताना तुमाले वास नाई आला?”

नावाडी नळी सोडवत होता. थांबला नाही.

“जलमभर टोरीचं तेल खाऊन राह्यले तुमी. तुमाले वास नाई आला?”

“नाक बांधून होतं वयनी. अंधार होता.”

“नाक तर आता बी बांधून होतं. आता कसा घेतला वास?”

“आता सोडलं ना.”

“हाव. एसटी गेल्यावर सोडलं.”

हा प्रश्न बरोबर होता. तो मला आधी सुचला नव्हता, याचं मला वाईट वाटलं. सहा चाळीसच्या आधी त्यानं टाकीत डबा ओतला तेव्हा मी चार हातांवर उभा होतो. मला आठवत होती ती वाकलेली पाठ, मफलर आणि डबा रिकामा झाल्यावर केलेली शेवटची झटकणी. वास त्याला आला की नाही, हे पाठीवरून कळत नाही.

पुढची पंधरा मिनिटं मात्र त्यानं एकही हालचाल वाया घालवली नाही. इंजिनाच्या वरच्या टाकीतलं पाणी अजून वाफाळत होतं. त्यानं त्यात पत्र्याचा मग बुडवला आणि फिल्टरवर ओतला. पांढरा थर पातळ होऊन वाहून गेला. जाळी डिझेलमध्ये खळबळून पुसली, नळीवर गरम पाणी सोडलं, फिल्टर पुन्हा बसवला, नळीतली हवा काढली. मग माझ्या अंगावरचं ब्लँकेट मागितलं आणि डिझेलच्या टाकीला गुंडाळलं.

“तो बर्फ तिकडं सरकवा जी,” मासेविक्रेत्याला म्हणाला. “इथी गरमी पाह्यजे.”

“आता माझा बर्फ दुश्मन,” पेटी ढकलत मासेविक्रेता म्हणाला.

सात एकतीसला इंजिन सुरू झालं. पण टाकीत तेच मिसळलेलं डिझेल होतं. नळी गार झाली की पुन्हा थर धरणार. नावाड्यानं तो पत्र्याचा मग मुलीच्या हातात दिला.

“नळीवर टाकत राह्य. थोडं थोडं. वरून काढलं का नदीचं भर. थांबू नको.”

तिनं पिशवी आईकडे दिली आणि इंजिनाशेजारी उकिडवी बसली. वरचं उकळतं पाणी काढायचं, नळीवर सोडायचं, नदीतून मग भरून वरची टाकी पुन्हा भरायची. ठोका जरा मंदावला की ती स्वतःच हात वेगानं चालवू लागली. तिला कोणी सांगावं लागलं नाही.

मग नावाड्यानं नावेचं तोंड वळवलं. घाट आता बराच वर राहिला होता. पण नाव घाटाकडे वळली नाही. ती आणखी खाली, धारेसोबत निघाली.

आई उभी राहिली. नाव डुलली.

“कुठी नेऊन राह्यले? घाट तिकडं हाय!”

“बसा वयनी.”

“कुठी नेऊन राह्यले माझ्या पोरीले?”

“घाटावर काय हाय आता? एसटी गेली. बसा, नाव पलटन.”

“मंग खाली काय हाय?”

“एसटी आतल्या दोन गावाईले जाऊन येते. शाळेचे पोरं घेते. खालच्या फाट्यावर आठ वाजता येते अन् डायव्हर चहा पेते. रस्ता फिरून येते, नदी सरळ जाते.”

हे त्यानं एका दमात सांगितलं. सकाळपासून तो एवढं बोलला नव्हता. म्हणजे नाव वाहू देण्यामागे हे होतं. पण मग ते आधी का सांगितलं नाही? मी त्याला तसं विचारलं.

“इंजन सुरू होईन का नाई मालूम नव्हतं,” तो म्हणाला. “आदी सांगतलं असतं अन् नसतं झालं तर?”

आई बसली. पण तिनं नावेच्या कडेला धरलेला हात सोडला नाही आणि फाटा दिसेपर्यंत नजर नावाड्यावरून काढली नाही. मीही काढली नाही.

सात त्रेपन्नला नाव काठाला लागली. तिथे घाट नव्हता. चिखल, वर मिरचीचं शेत आणि शेताच्या टोकाला डांबरी रस्ता. एसटी उभी होती. आम्ही पाहत असतानाच तिचं इंजिन घरघरलं. ड्रायव्हर त्या दिवशी लवकर आला होता किंवा चहा लवकर संपला होता.

मुलगी उडी मारून चिखलात उतरली. बूट पिशवीतच राहिले. अनवाणी ती चढ चढून गेली आणि मिरचीच्या ओळींमधून धावू लागली.

“इथंच सगळं धावून घेशील तर तिथी काय धावशील!” आई मागून ओरडली आणि स्वतःही पिशवी घेऊन पळाली.

एसटी दहा-बारा हात पुढे गेली होती तेव्हा मुलीनं मागच्या पत्र्यावर थाप मारली. कंडक्टरनं दार उघडलं. आई आणि मी पोचेपर्यंत मुलगी दाराच्या पायरीवर एक पाय ठेवून उभी होती, दार बंद होऊ नये म्हणून. मासेविक्रेता नावेतच राहिला. त्याला घाटावरच्या बाजारात जायचं होतं. मी मागे वळून पाहिलं तेव्हा नावाडी मगानं नळीवर पाणी घालत होता. त्यानं हात वगैरे केला नाही. माझं ब्लँकेट टाकीलाच राहिलं.

बसमध्ये आई दोन सीट पुढे बसली आणि मुलीच्या पायाचे काटे काढत राहिली. मुलीनं एकदाच मागे वळून मला विचारलं, “काका, त्यायनं मुद्दाम केलं असन का?”

“मला माहीत नाही,” मी म्हणालो. त्याहून जास्त खरं माझ्याकडे काही नव्हतं.

ती मैदानाच्या गेटमधून आत गेली तेव्हा दहाला सात मिनिटं कमी होती. मला चंद्रपुरात दुसरं काम होतं. ते उरकून दुपारी मी पुन्हा मैदानाकडे गेलो. जाण्याचं काही कारण नव्हतं. आई कुंपणाच्या जाळीला धरून उभी होती. मुलीच्या गटाचं धावणं झालं होतं. तिनं अंतर वेळेच्या आत पूर्ण केलं होतं, म्हणजे ती पात्र होती. नावाड्याची मुलगीही पात्र होती आणि पहिल्यांदाच तिच्या पुढे होती, थोड्या सेकंदांनी. यादी गुणांवर लागणार होती आणि जागा मोजक्या होत्या. ते थोडे सेकंद मिरचीच्या शेतात गेले, मगानं पाणी घालण्यात गेले की त्या दिवशी दुसरी खरोखरच चांगली धावली, हे कोणालाच सांगता येणार नव्हतं.

“तुमी पाह्यलं ना ओतताना?” आईनं मला विचारलं. “वाकून पाह्यलं का त्यानं डब्यात?”

“अंधार होता.”

“पेपरवाल्याईले अंधारातलं बी दिसते म्हनतात.”

दोघी मुली बाहेर आल्या. एकत्रच आल्या. दोघींचे केस घामानं चिकटले होते, छातीवर नंबर तसेच लावलेले होते. नावाड्याच्या मुलीच्या हातात ग्लुकोजच्या बिस्किटांचा पुडा होता. तिनं तो पुढे केला.

“घ्या मावशी. आत्यानं देल्ला. आमी काईच नाई खाल्लं सकाळपासून.”

मुलीनं हात पुढे केला. आईनं तो मध्येच अडवला आणि पुडा स्वतः घेतला. तिनं तो उलटा केला, दोन्ही टोकं अंगठ्यानं दाबून पाहिली, कुठे चिकटवलेलं निघालं आहे का ते पाहिलं. मग फोडला. पहिलं बिस्कीट तिनं नावाड्याच्या मुलीच्या हातावर ठेवलं.

“खा माय,” ती म्हणाली, “तू आदी खा.” आणि ते तिच्या घशाखाली उतरेपर्यंत तिच्या तोंडाकडे पाहत थांबली.